गाडीचें गोत्र

आपल्याकडे दोन अनोळखी माणसें आगगाडीच्या डब्यांत समोरासमोर बसलीं, कीं पहिल्या पांच मिनिटांत एकमेकांचें आडनांव निघतें, पुढच्या पांच मिनिटांत मूळ गांव निघतें, आणि लोणावळा येण्यापूर्वीं एखादी आत्या नाहीं तर एखादा मावसभाऊ दोघांना समाईक सांपडतो. या संवयीला सुधारक हंसतात; परंतु तिच्या बुडाशीं थोडें शहाणपण आहे असें मला वाटतें. समोरचा मनुष्य कोण, हें त्याच्या अंगरख्यावरून कळत नाहीं. तो कोठून निघाला आणि वाटेंत त्याचें काय काय झालें, हें विचारल्यावांचून त्याची खरी ओळख पटत नाहीं. याच श्रद्धेनें महाराष्ट्रांतील कित्येक घराण्यांनीं आपले जाडजूड कुलवृत्तान्त छापून काढले. निर्जीव वस्तूंचे कुलवृत्तान्त मात्र सहसा कोणी लिहीत नाहीं. आणि एखादी जुनी वस्तु 'मी कोण?' म्हणून विचारूं लागली, तर उत्तर देतांना मोठी पंचाईत होते.

मागील पावसाळ्यांत हा प्रश्न मला एका मोटारगाडीनें विचारला. माझे एक सहकारी रसायनशास्त्र शिकवितात. त्यांचे वडील सातारा जिल्ह्यांत एका तालुक्याच्या गांवीं डॉक्टर होते. १९६१ सालीं मुंबईंतला एक इंग्रज अधिकारी मायदेशीं परत जावयास निघाला, तेव्हां त्याची वापरलेली, दोनच माणसांना जागा असलेली, उघडी, लाल रंगाची गाडी डॉक्टरांनीं विकत घेतली. डॉक्टरानें सायकलवरून फटफटीवर यावें एवढीच प्रगति ज्या गांवाला अपेक्षित होती, त्या गांवांत या लांब नाकाच्या गाडीभोंवतीं बाजारच्या दिवशीं गर्दी जमत असे. पुढें डॉक्टर गेले. गाडी मुलाकडे आली, आणि पुण्यांतील घराच्या मागें ताडपत्रीखालीं तीस वर्षें उभी राहिली. आतां मुलीच्या परदेशांतील शिक्षणासाठीं ती विकावी असें ठरलें. मुंबईहून एक हौशी गृहस्थ आले, गाडीभोंवतीं त्यांनीं दोन प्रदक्षिणा घातल्या आणि एवढेंच विचारलें, "ही एम. जी. आहे हें दिसतेंच. पण कोणती एम. जी.? आणि इंजिन तिचें स्वतःचें आहे का?"

घरांत या दोहोंचें उत्तर कोणालाच ठाऊक नव्हतें. नोंदणीच्या पुस्तकांत गाडीचें नांव नुसतें 'एम. जी.' असें होतें. खालीं अक्षरांवांचून दोन क्रमांक होते, एक सांगाड्याचा व दुसरा इंजिनाचा. किंमत ठरावयाची होती ती या दोन उत्तरांवर, आणि पडणारा फरक थोडाथोडका नव्हता. सहकारी माझ्याकडे आले. "तुम्ही जुन्या हस्तलिखितांचे पाठ लावतां," ते म्हणाले, "ही पोथीच समजा, कागदाच्या जागीं पत्रा आहे एवढेंच." इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या माणसाची अशा कामावर नेमणूक व्हावी हें विनोदीच, परंतु जुन्या मोटारींविषयींचीं इंग्रजी पुस्तकें वाचण्याचा मला विद्यार्थिदशेपासून नाद आहे, हेंही त्यांना माहीत होतें.

एम. जी. हीं 'मॉरिस गॅराजेस' या नांवाचीं आद्याक्षरें. पुढें लॉर्ड नफील्ड झालेल्या विल्यम मॉरिस यांची ऑक्सफर्ड येथें गाड्या विकण्याची व दुरुस्त करण्याची पेढी होती. १९२२ सालीं तिचा कारभार सेसिल किंबर याच्या हातीं आला. मॉरिसच्या साध्यासुध्या, संसारी गाडीचे अवयव घ्यावेत, त्यांवर हलकें व देखणें शरीर चढवावें, आणि तिला धांवण्याची थोडी हौस लावावी, हा किंबरचा उद्योग. तो भरभराटीस आला, आणि १९२९ सालीं कारखाना जवळच्या अबिंग्डन गांवीं गेला. अष्टकोनांत कोंडलेलीं एम आणि जी हीं दोन अक्षरें ही त्याची मुद्रा. १९३६ सालीं या घराण्यांत 'टी' नांवाची शाखा निघाली: प्रथम टी-ए, १९३९ सालीं टी-बी, जिच्या महायुद्धामुळें अवघ्या ३७९ गाड्या बनल्या, मग १९४५ पासून १९४९ पर्यंत टी-सी, सुमारें दहा हजार, आणि तीनंतर टी-डी व टी-एफ. यांपैकीं टी-सीनें कारखान्याचें नांव सातासमुद्रांपलीकडे नेलें. युद्धासाठीं इंग्लंडांत आलेल्या अमेरिकन सैनिकांना असल्या गाड्यांचें वेड लागलें, आणि त्यांच्या देशांत उघड्या धांवऱ्या गाडीची आवड पसरली ती बरीचशी या टी-सीमुळें. ज्याच्या कल्पनेंतून हें सर्व निघालें त्या किंबरनें मात्र ती पाहिली नाहीं. १९४१ सालीं त्याला कारखाना सोडावा लागला होता. आणि १९४५ च्या फेब्रुवारींत, टी-सी बाहेर पडण्याच्या कांहीं महिने आधीं, लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकांत झालेल्या आगगाडीच्या अपघातांत तो मरण पावला.

एवढा वंशवृक्ष हातीं आल्यावर आमची गाडी कोणत्या फांदीवरची हें पाहूं लागलों. टी-डी व टी-एफ या धाकट्या बहिणींचीं चाकें पंधरा इंची, आणि त्यांचीं पुढचीं दोन चाकें एकमेकांपासून स्वतंत्रपणें खालवर होणारीं. आमच्या गाडीचीं चाकें एकोणीस इंची, अरुंद, सायकलीसारखीं तारांचीं, आणि पुढचीं दोन्ही एकाच अखंड आंसानें जखडलेलीं. तेव्हां धाकट्या गळल्या. टी-ए, टी-बी, टी-सी या तिघी उरल्या. त्यांचे चेहरे इतके सारखे कीं दाराशीं उभ्या राहिल्या तर सासूनेंही फसावें. परंतु दाराखालच्या पायरीवर टी-ए व टी-बीला तीन पट्ट्या असत, टी-सीला दोन. आमच्या गाडीला दोन होत्या.

सहकारी तेवढ्यानेंच खूष झाले. मी झालों नाहीं. पोथ्या तपासणाऱ्याला एक गोष्ट अनुभवानें कळलेली असते, ती अशी कीं नकलाकार जें सहज बदलूं शकतो त्यावर विश्वास ठेवूं नये. पायरीवरच्या पट्ट्या कोणीही पत्रेवाला काढील आणि घालील. पुरावा हवा तो कोणी हौसेनें हात न लावलेल्या जागेचा. गाडीखालीं पथारी टाकून आम्हीं मागच्या स्प्रिंगांचीं टोकें पाहिलीं. टी-ए व टी-बी यांमध्यें हीं टोकें खोबणींत सरकतात. टी-सीमध्यें तीं रबर घातलेल्या कड्यांना अडकविलेलीं असतात. येथें कडीं होतीं. बसण्याची जागा मोजली, ती जुन्या गाड्यांच्या मापाहून चार इंच रुंद भरली. डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी दोघांचीही शरीरयष्टि भरदार होती असें सहकारी म्हणाले; तेव्हां या चार इंचांचा उपकार त्या कुटुंबावर वीसएक वर्षें होता असें मानावयास हरकत नाहीं.

शेवटीं सांगाड्यावरचा क्रमांक. पुढल्या बाजूस डाव्या हाताला, तीन थर रंगाखालीं तो झांकला होता. रॉकेल, पॉलिश-कागद आणि धीर यांचा सारखाच उपयोग केल्यावर 'टी-सी' हीं अक्षरें वर आलीं, आणि त्यांमागून चार आंकडे, नोंदणीच्या पुस्तकांतलेच. या क्रमांकांची एक गंमत आहे. टी-सीची मोजणी एकापासून सुरू झाली नाहीं, २५१ पासून झाली. कारण अबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोनचा क्रमांक २५१ होता. माणसाची पत्रिका पंचांगावरून मांडतात. हिची टेलिफोनवरून मांडली गेली. त्या काळच्या नोंदी इंग्लंडांतील भक्तमंडळींनीं पुष्कळशा जपून ठेविल्या आहेत. तिकडे चौकशी केली. उत्तर आलें: गाडी १९४७ सालची, आणि कारखान्यांतून बाहेर पडतांना तिच्यांत एक्स-पी-ए-जी जातीचें अमुक क्रमांकाचें इंजिन होतें. तो क्रमांकही नोंदणीच्या पुस्तकाशीं अंकाअंकानें जुळला. सहकाऱ्यांनीं पेढे आणले.

पेढे खाऊन झाल्यावर इंजिन पाहाणें उरलें होतें. या इंजिनांच्या अंगावर पितळेची एक लहानशी अष्टकोनी पाटी रिव्हेटांनीं ठोकलेली असते, आणि जात व क्रमांक तिच्यावरच कोरलेले असतात. आमच्या इंजिनावर ती पाटी नव्हती. पाणी झिरपतें म्हणून गॅरेजच्या मिस्त्रीनें इंजिनाचें हेड उतरविलेंच होतें. चारही नळकांडीं उघडीं पडलीं होतीं. सहकाऱ्यांनीं प्रयोगशाळेंतून व्हर्निअर आणला. एक्स-पी-ए-जी इंजिनाच्या नळकांड्याचा व्यास ६६.५ मिलिमीटर असावयास हवा. हा भरला ६३.५ हून किंचित् अधिक. म्हणजे मूळचा ६३.५, आणि पुढें झिजलेला. तीन मिलिमीटर म्हणजे बाजारच्या हिशेबानें कांहींच नव्हे, तांदळाच्या दाण्याची जाडी. परंतु रसायनाच्या प्राध्यापकाच्या चेहऱ्यावरचा रंग त्यानें उतरला.

माझ्या टिपणांत टी-एच्या इंजिनाचा व्यास ६३.५ असा नोंदलेला होता. "मग टी-एचें जुनें इंजिन बसविलेलें दिसतें," सहकारी म्हणाले, "निदान एम. जी.चें तर आहे!" परंतु इंजिनाला रुंदीप्रमाणें खोलीही असते. टी-एचा दट्ट्या वरपासून खालपर्यंत १०२ मिलिमीटर जातो. मिस्त्रीनें क्रँक हातानें फिरविला. दट्ट्या खालीं गेला, आम्हीं मोजलें. नव्वद. पुन्हा मोजलें, नव्वदच. व्यास ६३.५ आणि पल्ला ९०, यांचा चार नळकांड्यांचा गुणाकार ११४० घनसेंटिमीटर होतो. टी-एचा होतो १२९२, टी-सीचा १२५०. ११४० चें इंजिन नफील्ड साहेबांच्या कारखान्यानें ज्या गाडीसाठीं बनविलें ती एम. जी. नव्हती, ती होती मॉरिस टेन, चौघांच्या कुटुंबाला भाजी-बाजाराला नेणारी सालस गाडी. हीच पुढें हिंदुस्थान मोटर्स कंपनीनें आपल्याकडे 'हिंदुस्थान टेन' या नांवानें बनविली, आणि तिचीं इंजिनें मुंबईच्या भंगारबाजारांत दुर्मिळ नसावींत. बाहेरून पाहतां हा ब्लॉक टी-सीच्या ब्लॉकाशीं इतका मिळताजुळता, कीं पाटी नसली तर मोजल्यावांचून संशयही येऊं नये.

हें कोणी व केव्हां केलें, याचा उलगडा त्याच आठवड्यांत झाला. डॉक्टर जमाखर्च नियमानें लिहीत. १९६७ सालच्या वहींत औषधांच्या यादीखालीं त्यांच्या बारीक अक्षरांत एक ओळ निघाली: गाडीस इंजिन, जुनें, पुढें रक्कम. त्याखालीं दुसरी: बसविण्याची मजुरी. इतकेंच. परंतु त्या काळाचें थोडें स्मरण ठेवलें, तर या दोन ओळींत सगळी कहाणी आहे. मुंबईस शिवडी येथें १९२८ पासून गाड्या जोडणारा जनरल मोटर्सचा कारखाना सरकारी धोरण बदलल्यावर १९५४ सालीं बंद झाला; परदेशी गाड्या व त्यांचे सुटे भाग यांचा ओघ आटला. तालुक्याच्या गांवीं टी-सीचें इंजिन निकामी झालें, तर दुसरें इंग्लंडांतून मागविणें शक्य नव्हतें. गाडी ताडपत्रीखालीं ढकलावी, नाहीं तर मिळेल तें हृदय तिच्यांत घालावें, असे दोनच मार्ग होते. रात्रीबेरात्रीं बाळंतिणीसाठीं आठ कोसांवर जाणाऱ्या डॉक्टरानें दुसरा पत्करला, यांत नवल नाहीं. नोंदणीच्या पुस्तकांत बदल करण्याचें मात्र राहून गेलें. जुना क्रमांक तसाच राहिला.

आतां परिस्थिति मोठी चमत्कारिक झाली. नोंदणीचें पुस्तक आणि अबिंग्डनची नोंद यांचा शब्दाशब्दानें मेळ होता. मेळ नव्हता तो फक्त लोखंडाचा. हें मिस्त्रीच्या ध्यानांत आमच्या आधीं आलें. तो म्हणाला, "सर, पाटीचं काय एवढं? नंबर कागदावर आहेच. संध्याकाळपर्यंत पितळेची आठकोनी पाटी कोरून ठोकून देतो. हेड एकदा बसलं, की आतलं कोण मोजायला येतंय?" तो लबाड मनुष्य नव्हे. त्याच्या दृष्टीनें एक हरवलेली वस्तु तो परत करीत होता. सहकारी बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. त्या एका पाटीच्या मोलांत मुलीच्या एका सत्राची फी निघाली असती.

मीही लगेच कांहीं बोललों नाहीं. कारण प्रामाणिकपणाचा उपदेश करणें सोपें असतें. परंतु येथें आधीं हें ठरवावयाचें होतें, कीं खोटें नक्की काय आहे. मिलिंदप्रश्नांत नागसेन भिक्षु यवन राजाला विचारतो, कीं ज्या रथांतून तूं आलास तो रथ म्हणजे काय? दांडा म्हणजे रथ काय? आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? राजाला प्रत्येक वेळीं नाहीं म्हणावें लागतें. मग आमच्या गाडीला टी-सी म्हणूं नये काय? सांगाडा तिचा, चाकें तिचीं, पत्र्याखालची ॲश लांकडाची चौकट तिची. शिवाय तिचें मूळचें इंजिन १९४७ पासून १९६७ पर्यंत, म्हणजे वीस वर्षें चाललें. दुसरें त्यानंतर डॉक्टरांच्या अखेरच्या आजारापर्यंत त्याहूनही कांहीं वर्षें अधिक चाललें. सहकाऱ्यांच्या आठवणींतला गाडीचा आवाज सगळा दुसऱ्या इंजिनाचा आहे. आणि गोत्रच काढावयाचें तर आणखी मौज आहे. टी-सीचें तें नामांकित एक्स-पी-ए-जी इंजिन तरी कोठून आलें? मॉरिस टेनच्या याच ११४० च्या इंजिनाचा व्यास वाढवून, त्याला दोन कार्ब्युरेटर देऊन तें घडविलेलें. साताऱ्याकडच्या त्या अनामिक कारागिरानें परक्याचें रक्त घातलें नाहीं. नातवाच्या जागीं आजोबांना आणून बसविलें. आजोबांची शक्ति कमी, चोपन्न घोड्यांच्या जागीं चाळीसाच्या आंतच. पण घर एकच.

एवढें सगळें खरें. आणि तरीही ती पाटी ठोकणें हें खोटेंच. गाडीचें इंजिन बदललें हें खोटें नव्हे. तो तिच्या आयुष्यांतला प्रसंग आहे. तो घडलाच नाहीं असें सांगणें हें खोटें. विकत घेणारा फसला असता हें तर आहेच. परंतु त्याहून मला जास्त लागली ती गोष्ट निराळी. पितळेच्या त्या तुकड्यानें १९६७ सालचा तो डॉक्टर, त्याची अडचण, त्याची युक्ति आणि जमाखर्चांतल्या त्या दोन ओळी हीं सर्व एका संध्याकाळींत पुसलीं गेलीं असतीं. मुलानें बापाचा एक निर्णय नाहींसा केला असता.

आमच्या पुण्यांतच या प्रश्नाचें उत्तर पूर्वीं एकदां देऊन झालेलें आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेतली आणि १९६६ सालीं संहितेचें काम पुरें केलें. डॉक्टर विष्णु सीताराम सुकथनकरांनीं तिला जी शिस्त लावून दिली, तींतला मला सर्वांत आवडणारा भाग असा, कीं मागाहून शिरलेला श्लोक मूळ संहितेंत राहूं द्यावयाचा नाहीं, पण फेंकूनही द्यावयाचा नाहीं. तो खालीं टीपेंत, किंवा मोठा असेल तर परिशिष्टांत, कोणत्या हस्तलिखितांत सांपडतो त्यासह उतरावयाचा. मूळ तें मूळ राहतें, आणि मागाहून आलेलें मागाहून आलेलें म्हणून जगतें. दोघांचाही मान राहतो. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठीं जे स्वतंत्र नियम केले, त्यांत गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी अशी अट आहे. अट योग्यच आहे. परंतु मूळ स्वरूप म्हणजे काय, हें ठरवितांना टीपेचीही सोय असावी असें मला या प्रसंगानें वाटूं लागलें आहे.

ही सोय कारखान्याच्या नांवालाही लागू पडते. अबिंग्डनचा कारखाना १९८० सालीं बंद झाला. नांव हातोहात फिरत चीनमधील कंपनीकडे गेलें, आणि २०१९ पासून गुजरातमधील हालोल येथें तयार होणाऱ्या गाड्यांवर तीच अष्टकोनी मुद्रा आपल्या रस्त्यांवर दिसूं लागली. त्यांतल्या कित्येक विजेवर चालतात. त्यांना नळकांडीं नाहींत, दट्ट्या नाहींत, मोजावयास कांहींच नाहीं. त्यांना एम. जी. म्हणूं नये असें मी म्हणत नाहीं. फक्त टीप असावी.

मी सहकाऱ्यांना एवढेंच सांगितलें, कीं विक्रीच्या कागदासाठीं गाडीचें वर्णन मी लिहून देतों. पटलें तर वापरा. हस्तलिखितांच्या यादींत एकेका पोथीचें वर्णन लिहितात त्या धर्तीवर तें मीं लिहिलें: एम. जी. टी-सी, अबिंग्डन, १९४७. सांगाडा मूळचा, क्रमांक कारखान्याच्या नोंदीशीं जुळतो. मूळ इंजिन एक्स-पी-ए-जी, १२५० घनसेंटिमीटर, आज उपलब्ध नाहीं. सध्याचें इंजिन मॉरिस टेन जातीचें, ११४० घनसेंटिमीटर, क्रमांकाची पाटी नाहीं. १९६७ सालीं तेव्हांच्या मालकांनीं बसविलें, त्यांच्या हातची नोंद उपलब्ध. सहकाऱ्यांनीं तें दोनदां वाचलें आणि नोंदणीच्या पुस्तकांतला क्रमांक दुरुस्त करून घेण्याचा अर्जही त्याच दिवशीं लिहिला. मुंबईच्या गृहस्थांनीं किंमत पाडली. भीति होती तितकी नव्हे, पण चांगलीच पाडली. व्यवहार पुरा झाल्यावर त्यांनीं एकच वस्तु वर मागितली: जमाखर्चाच्या वहींतलें तें पान. सहकाऱ्यांनीं त्याची छायाप्रत दिली. मूळ पान दिलें नाहीं. तें त्यांच्या घरच्या कुलवृत्तान्तांतलें आहे.